डुकाटी ८४८ ईव्हो (२०१२) घेतली आहे : बेल्ट, शिम आणि सुट्या भागांसाठी मार्गदर्शन हवं

घाटवाट (पुणे)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात घरी गाडी आली. डुकाटी ८४८ ईव्हो, २०१२ची, लाल. कॉलेजात असताना फर्ग्युसन रस्त्यावर अशीच एक उभी दिसली होती आणि मी बस सोडून तिच्याभोवती अर्धा तास फिरत होते. तेव्हापासून मनात होती.

पहिल्या मालकाकडूनच घेतली. किलोमीटर फक्त ११,४००. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का २०१७चा आहे, त्यात दोन्ही बेल्ट बदलल्याची नोंद आहे. व्हॉल्व्ह तपासल्याची नोंद कुठेच नाही. मग मालक नोकरीसाठी बाहेरदेशी गेले आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी राहिली. त्यांचे वडील दर रविवारी खाली उतरून दहा मिनिटं चालू करून ठेवायचे. काकांनी एवढ्या मायेने सांगितलं की मला गाडीपेक्षा त्यांचंच कौतुक वाटलं. दोन्ही किल्ल्या आणि कोड कार्डही त्यांनी जपून ठेवलं होतं.

मी यंत्राची माणूस आहे (प्रॉडक्शन इंजिनिअर), घरी बऱ्यापैकी हत्यारं आहेत, पण आजवर हात लावला तो एकसिलिंडरी गाड्यांनाच. टेम्पोत घालून आणली, घरी चार वेळा चालू केली, पहिल्या झटक्यात सुरू होते. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा गॅलरीत आले.

आता विचारायचं ते हे. सुरुवात कुठून करू? ऑइल आणि फिल्टर बदलून चालवायला घेऊ का? आणि सुटे भाग कुठून मागवता तुम्ही लोक?

रविवारची_राइड (नाशिक)

अभिनंदन ताई! ईव्हो म्हणजे १४० हॉर्सपॉवर आणि कोरडं वजन १६८ किलो, मनासारखी गाडी घेतलीत. बेल्टचं आयुष्य २४,००० किलोमीटर असतं, तुमचे २०१७ला बदललेत आणि त्यानंतर गाडी चाललीच नाही. म्हणजे बेल्ट नवेच समजा. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बदला आणि निघा.

ठाण्याची_टेस्टा (ठाणे)

ताई, कृपया गाडी आता चालू करू नका. आजही नाही आणि येत्या रविवारीही नाही.

नाशिककर दादांच्या शब्दाबद्दल आदर आहे, पण या एका बाबतीत किलोमीटर बघायचे नसतात. ८४८च्या पुस्तकात बेल्टची मुदत २४,००० किलोमीटर किंवा ५ वर्षं अशी आहे, यातलं जे आधी होईल ते. त्याआधीच्या मॉडेलांना तर दोनच वर्षं द्यायचे. तुमचे बेल्ट किलोमीटरने नवे असतील, वयाने ते केव्हाच निवृत्त झालेत.

हा बेल्ट म्हणजे आत तंतू घातलेला दात्यांचा रबरी पट्टा. तो लहान पुलीवरून वळतो आणि गाडी उभी असली की महिनोन् महिने त्याच जागी वळलेला राहतो. तिथेच रबर कडक होतं, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात. बाहेरून बघितलं तर काळा, गुळगुळीत, अगदी निरोगी दिसतो. माझ्याकडे २०१० पासून ८४८ आहे. एकदा सात वर्षांचा बेल्ट काढून उलटा वाकवून पाहिला तेव्हा दात्यांच्या मुळाशी नखाएवढी भेग उघडली. तो बेल्ट अजून कपाटात ठेवलाय, घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या डुकाटीवाल्याला हातात देतो.

आणि तुटला तर? स्कूटरचा बेल्ट तुटला की स्कूटर थांबते. इथे हा बेल्ट कॅम फिरवतो, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा. कॅम थांबले की जे व्हॉल्व्ह उघडे राहिले असतील त्यांच्यावर पिस्टन खालून येऊन आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडतं, कधी हेडच जातं. दोन बेल्टच्या किमतीत जे टळलं असतं त्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

म्हणून क्रम असा : आधी बेल्ट. ते काढायचेच आहेत तर त्याच वेळी व्हॉल्व्हच्या फटी मोजा (व्हॉल्व्ह आणि त्याला हलवणारा रॉकर यांच्यातलं अंतर, ते शिम नावाच्या मापाच्या तुकड्यांनी जुळवतात). तपासणी १२,००० किलोमीटरवर सांगितली आहे आणि तुम्ही ११,४००वर आहात. बाकी सगळं त्यानंतर.

घाटवाट

टेस्टा, वाचून हात गार पडले. चार वेळा चालू केली मी! किल्ली आता आईकडे दिली आहे आणि मागितली तरी देऊ नको म्हणून सांगितलंय.

दोन शंका. काकांचे ते दर रविवारचे दहा मिनिटं, त्याने इंजिनाला काही फायदा झाला का? आणि व्हॉल्व्हचं गणित मला नीट समजून घ्यायचंय. स्प्रिंगवाले व्हॉल्व्ह मी केलेत. यात दोन-दोन रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे) कशाला?

ठाण्याची_टेस्टा

रविवारचं आधी सांगतो, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात हेच होतं आणि प्रेमापोटीच होतं.

पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते. इंजिन थंड असताना त्यातली थोडी आत क्रँककेसमध्ये उतरते. गाडी रस्त्यावर तापली की ऑइलमधून हे पाणी उडून जातं. दहा मिनिटं जागेवर चालवली की कूलंट तापतं, पंखा सुरू होतो, पण ऑइल पुरेसं तापत नाही. पाणी तिथेच राहतं. ऑइल बघायच्या काचेतून दुधट थर दिसतोय का बघा. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून जेवढं काढलं तेवढं आयडलवर परत भरून येईल याची खात्री नसते. उभी ठेवायचीच असेल तर बॅटरीला मेंटेनर लावा आणि इंजिनाला झोपू द्या. काकांना मात्र हे सांगू नका. त्यांनी मुलाची गाडी सांभाळली.

डेस्मोबद्दल, म्हणजे डुकाटीच्या या दोन रॉकरवाल्या रचनेबद्दल, आमचे सांगलीकर जास्त गोड सांगतील. ते डुकाटीच्या गावातच राहतात.

बोलोन्यातला_सांगलीकर (बोलोन्या, इटली)

हजर! बोर्गो पानिगाले, म्हणजे डुकाटीचा कारखाना आहे तो भाग, माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे. कारखान्याच्या म्युझियममध्ये एवढ्या वेळा गेलोय की आता पाहुणे आले तर तिकीट काढून मीच सगळं समजावतो.

ताई, नेहमीच्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करायचं काम स्प्रिंग करते. पन्नासच्या दशकात स्प्रिंगचं पोलाद आजच्यासारखं नव्हतं. जास्त आरपीएमला स्प्रिंग मागे पडायची, व्हॉल्व्ह वेळेत बसायचा नाही, किंवा स्प्रिंग तुटायची. फाबियो ताल्योनी हे इंजिनिअर १९५४ साली डुकाटीत आले आणि त्यांनी बंद करायचं कामही कॅमलाच दिलं. एक रॉकर व्हॉल्व्ह खाली ढकलतो, दुसरा त्याला खालून धरून वर ओढतो. १९५६ला स्वीडनमधल्या हेडेमोराच्या शर्यतीत १२५ सीसीची डेस्मो पहिल्यांदा उतरली आणि उतरली ती जिंकलीच. कल्पना त्यांच्या आधीही काही जणांनी वापरली होती, पण ती रस्त्यावरच्या गाडीत आणून टिकवली यांनी.

बेल्ट आले १९७९च्या पांताह ५००पासून. त्याआधी बेव्हल गिअर होते, जुळवायला फार वेळ लागायचा. आणि पाण्याने थंड होणारं, चार व्हॉल्व्हचं इंजिन मासिमो बोर्दींनी ८५१मध्ये आणलं. तुमची ८४८ त्याच घराण्यातली. दोन सिलिंडर (एक आडवा, एक उभा), प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, प्रत्येक व्हॉल्व्हला उघडायची एक फट आणि बंद करायची एक फट. म्हणजे मोजायच्या फटी झाल्या सोळा.

रविवारची_राइड

टेस्टा दादा, माझं चुकलं. माझ्या मित्राची नंतरच्या पिढीतली ९५९ आहे, तिच्या इंजिनात कॅमला बेल्ट नसून चेन आहे आणि व्हॉल्व्हची तपासणी २४,०००वर. ते नुसतं किलोमीटरचं गणित माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. ताई, माझा आधीचा प्रतिसाद कृपया धरू नका.

घाटवाट

शनिवारी फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) उतरवली. एकेक बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर गाडीचं चित्र काढून त्यातच खोचून ठेवले. फार उपयोगी पडलं, कारण एकाच जागेचे दिसणारे बोल्ट लांबीला वेगळे निघाले.

जे सापडलं ते लिहिते :

ऑइलच्या काचेत वरच्या कडेला खरंच दुधट रेघ आहे. टायरवर ०९१४ छापलंय, म्हणजे २०१४चा नववा आठवडा. नक्षी अजून दिसतेय, पण नख रुतत नाही. पुढच्या ब्रेकचं ऑइल कोऱ्या चहासारखं. क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरखाली (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) ओलसर डाग, आणि क्लचच्या डब्यातली पातळी खालच्या रेघेखाली. कूलंटच्या एका नळीला क्लिपच्या कडेला भेगा. मागचा ब्रेक दाबला तर पेडल नुसतं खाली जातं.

बॅटरी काढून मोजली, १२.१ व्होल्ट.

मांडवीपार (फोंडा, गोवा)

ताई, मागच्या ब्रेकला घाबरू नका. या मॉडेलचा तो स्वभाव आहे. कॅलिपर स्विंगआर्मखाली अशा कोनात बसतो की हवेचा बुडबुडा नेमका निपलपाशी (हवा बाहेर काढायच्या तोटीपाशी) जात नाही. कितीही पंप करा, पेडल स्पंजासारखंच राहतं. कॅलिपर खोलून हातात घ्या, मास्टर सिलिंडरपेक्षा उंच धरा, निपल सगळ्यात वर येईल असा. पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला, नाहीतर पिस्टन बाहेर येतील. मग ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढून टाका. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरात जाऊन बायकोला पेडल दाबायला बोलावलं होतं, एवढा आनंद झाला होता.

स्लेव्ह सिलिंडर गळत असेल तर आतलं सील आणि पुशरॉडची ओ-रिंग दोन्ही बदला. ८४८चा क्लच ओला आहे, १०९८सारखा सुका नाही. त्यामुळे पुशरॉडच्या बाजूने इंजिन ऑइलही येऊ शकतं. तो डाग नेमका कशाचा ते बोटाने बघा : ब्रेक ऑइल पाण्यात धुतलं जातं, इंजिन ऑइल जात नाही.

आणि वायरिंग. आमच्याकडे समुद्राची हवा, त्यामुळे हे दुखणं आम्हाला आधी कळतं. रेग्युलेटरकडे जाणारा स्टेटरचा (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या भागाचा) कनेक्टर उघडून बघा. पिना तपकिरी झाल्या असतील किंवा प्लास्टिक वितळल्यासारखं दिसत असेल तर कापून नवा बसवा. साफ करून परत लावू नका, तो पुन्हा तापतोच. चांगली बॅटरी बसवल्यावर चार हजार आरपीएमला १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. बॅटरीचा नंबर वायटी१२बी-बीएस, आपल्याकडे सहज मिळते.

ठाण्याची_टेस्टा

मांडवीपार यांच्या प्रत्येक ओळीशी सहमत. टायर लगेच बदला, नक्षी बघून मन वळवू नका. अकरा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर साबणासारखं होतं. मागचा १८०/५५ आहे, पुढचा १२०/७०.

नळ्या एक बदलाल तर सगळ्याच बदला. एकाच दिवशी जन्मलेल्या आहेत त्या.

बेल्ट काढताना लक्षात ठेवायचं : इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं. क्रँक आडव्या सिलिंडरच्या खुणेवर आणा, पुलीवरच्या खुणा जुळल्यात का दहा वेळा बघा, फोटो काढा. बेल्ट काढायच्या आधी कॅमच्या पुल्यांना लॉकचं हत्यार लावा, कारण बेल्ट सुटला की कॅम आपल्या मनाने उडी मारतो. आणि बेल्ट निघाल्यावर क्रँकला अजिबात हात लावायचा नाही. जुन्या बेल्टवर पांढऱ्या मार्करने खुणा करून त्या नव्यावर उतरवल्या तर डोळ्यांना आधार मिळतो.

ताण मोजायला वेगळं यंत्र नको. बेल्टला बोटाने छेडलं की तारेसारखा सूर निघतो, तो हर्ट्झमध्ये मोजायचं ॲप फोनवर चालतं. नव्या बेल्टचा आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. इंटरनेटवर दुसऱ्या मॉडेलचे आकडे फिरत असतात.

घाटवाट

तीन शनिवार-रविवार गेले. रेडिएटर, एअरबॉक्स, टाकी सगळं खाली. उभ्या सिलिंडरपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात मोजणी झाली.

बेल्ट. टेस्टा म्हणाले तसं उलटा वाकवला. उभ्या सिलिंडरचा ठीक वाटला. आडव्याच्या बेल्टला सलग चार दात्यांच्या मुळाशी भेगा आहेत, एका ठिकाणी आतले तंतू दिसतात. मी जमिनीवर बसूनच राहिले थोडा वेळ. फोटो जोडलाय.

फटी : इनटेकच्या चारही व्हॉल्व्हच्या फटी मर्यादेत. एक्झॉस्टच्या चारपैकी दोन व्हॉल्व्हची उघडायची फट कमी झालीय, एक ०.०४ने आणि दुसरी ०.०३ मिमीने. आणि त्याच दोन व्हॉल्व्हची बंद करायची फट वाढलीय. एकाच व्हॉल्व्हला एक फट कमी आणि दुसरी जास्त, असं कसं? माझं मोजायला चुकतंय का?

उद्यमनगरचा_पाव्हणा (कोल्हापूर)

ताई, मोजायला चुकलं न्हाई तुमचं. उलट लई बरोबर मोजलाय. ते तसंच व्हायला पाहिजे.

माझं शिवाजी उद्यमनगरात ग्राइंडिंगचं वर्कशॉप हाय. डिझेल इंजिनचे व्हॉल्व्ह, सीट करण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. सांगतो.

एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह गरम गॅसात काम करतो. वर्षानुवर्षं सीटवर आपटून सीट किंचित खाली बसती, मग व्हॉल्व्ह तेवढाच वर हेडात सरकतो. वर सरकला की त्याच्या डोक्यावरची टोपी, म्हणजे ओपनिंग शिम (ओपनर), वरच्या रॉकरच्या जवळ जाती. म्हणून ती फट कमी. खालचा क्लोजिंग शिम (क्लोजर) पण व्हॉल्व्हबरोबर वर गेला, आणि त्याला खालून उचलणारा रॉकर हाय तिथंच राहिला. म्हणून ती फट जास्त. दोन्ही एकाच कारणानं. एक कमी झाली आणि दुसरी जवळपास तेवढीच वाढली, तर समजायचं सीट बसलीय. क्लोजरची फट एकटीच वाढली आणि ओपनरची तशीच राहिली, तर शिमला धरणाऱ्या त्या अर्ध्या रिंगा चेपल्यात. त्या गोल तारेच्या असतात, दाबून चपट्या होतात. त्या स्वस्त असतात, उघडलंच हाय तर बदलूनच टाका.

आता उपाय. ओपनर पातळ पाहिजे, म्हणजे हाय त्यातूनच घासता येतो. चाळीस मायक्रॉन (०.०४ मिमी) सरफेस ग्राइंडरवर दहा मिनिटांचं काम. पर क्लोजर जाड पाहिजे. जाड करणारं मशीन अजून निघालं न्हाई. तो विकतच घ्यायला लागतो.

ओपनर पाठवा, करून दितो. एक अट हाय : आधी मायक्रोमीटरवर मोजून, कुठल्या व्हॉल्व्हचा कुठला ते कागदात गुंडाळून लिहून पाठवा. आणि शंभर मायक्रॉनच्या वर काढायचं असंल तर मी न्हाई करणार. वरचा थर कडक केलेला असतो, तो संपला की शिम मऊ आणि महिन्याभरात परत फट.  

ठाण्याची_टेस्टा

पाव्हणं, ही पोस्ट मी छापून गॅरेजच्या भिंतीला लावतोय. बारा वर्षं फटी मोजतोय, क्लोजरची फट एकटीच वाढली तर रिंगा बघायच्या हे कारणासकट आज कळलं.

ताई, एक भर. नव्या अर्ध्या रिंगा घातल्या की त्या सुरुवातीला थोड्या बसतात. क्लोजर बसवल्यावर रॉकरने दोन-चार वेळा दाबून घ्या आणि मगच शेवटचं माप धरा.

घाटवाट

कोल्हापूरचे दादा, खूप खूप आभार. दोन ओपनर काल कुरियरने निघाले, माप लिहूनच.

क्लोजर दोन हवेत, तेही मोजक्या जाडीचे. नाना पेठेत सगळी दुकानं फिरले. चेन, बेअरिंग, ऑइल सील, बॅटरी, ब्रेक पॅड हे सगळं मिळालं. बेअरिंग आणि सील तर मापावरच मिळाली, जुनं दाखवलं की दुकानदाराने नंबर वाचून दिलं. शिम मात्र कुणाकडेच नाही. बाहेरून मागवायचा अनुभव कसा आहे?

रविवारची_राइड

मित्राच्या गाडीसाठी मी दोनदा मागवलंय. पार्ट नंबर चॅसी नंबरवरूनच पक्का करा, मॉडेलच्या नावावरून नको. त्याच मॉडेलला मधेच भाग बदललेला असतो. ऑर्डर एकदाच, एकत्र द्या, कारण कुरियरचा खर्च दोन शिमला तेवढाच आणि बेल्टसकट सगळ्यालाही जवळपास तेवढाच. कस्टम्स ड्यूटी आणि जीएसटी धरून हिशेब करा, भागाची किंमत आणि कुरियर मिळून जी रक्कम होते तिच्यावर ड्यूटी लागते. कुरियरवाले केवायसी मागतात, कागद तयार ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावर पडून राहतं. बिलावर भागाचं नाव स्पष्ट लिहायला सांगा.

एका विक्रेत्याकडून मी स्वस्त बेल्ट घेतले होते, नाव छापलेलं पण तारीख नाही. पाकीट उघडलं तर बेल्टला घडीची कायमची खूण. परत पाठवले. बेल्टवर किंवा पाकिटावर बनवल्याची तारीख नसेल तर घेऊ नका, गोदामात पडलेला बेल्टसुद्धा म्हातारा होतोच.

बोलोन्यातला_सांगलीकर

ताई, दोन क्लोजरसाठी पार्सल कशाला. दिवाळीला मी सांगलीला येतोय. चॅसी नंबर आणि हवी ती जाडी व्यक्तिगत निरोपात कळवा. दोन हवेत तर आजूबाजूच्या मापाचे चार घेऊन येतो, नव्या रिंगा घातल्यावर माप थोडं हलतं. उरलेले टेस्टांकडे राहतील, पुढच्या माणसाला लागतील.

खरं तर या धाग्यावर आपण सगळ्यांनी आपापल्याकडचे जादा शिम जाडीसकट लिहून ठेवले तर? प्रत्येकाच्या डब्यात चार-दोन असतातच.

ठाण्याची_टेस्टा

वेगळा धागा काढतो. माझ्याकडे सात ओपनर आणि तीन क्लोजर आहेत, आज रात्री मोजून टाकतो.

मांडवीपार

टाकी खाली आहे तोवर एक बघून घ्या. टाकी प्लास्टिकची (नायलॉनची) आहे आणि आता पंपावर सगळीकडे इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायलॉनसुद्धा पाणी ओढतं आणि फुगतं. गाडी चालती असेल, पेट्रोल येत-जात असेल तर फार बिघडत नाही. भरलेली टाकी महिनोन् महिने उभी राहिली की त्रास. पुढचे माउंट अजून छिद्रात सरळ बसतात का बघा. पावसाळ्यात उभी ठेवताना मी टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवतो. लोखंडी टाकीचा नियम इथे उलटा आहे, गंजायला काही नाही.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. मोजपात्रात १० मिली पाणी, वर १०० मिली पेट्रोल, हलवा आणि ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर दहाचा तीसच्या आसपास गेला तर वीस टक्के. दूर उघड्यावर करा, जवळ काडी-विडी नको.

टाकीतला पेट्रोल फिल्टर आणि पंपाजवळच्या आखूड नळ्याही बदला. तिथे साधी पेट्रोलची नळी चालत नाही, पेट्रोलमध्ये बुडून राहील अशीच मागा. टाकीखालचं नळीचं झटपट निघणारं जोड प्लास्टिकचं असेल तर धातूचं घाला. गरम इंजिनावर ते तुटलं तर काय होईल याचा मला विचारही करवत नाही.

घाटवाट

टाकीचे माउंट ठीक आहेत, सरळ बसतात. पेट्रोलची चाचणी केली, खालचा थर २८पर्यंत गेला. फिल्टर काढला तर तपकिरी.

मधल्या काळात मागचं चाक काढलं. चेन आधी कुणीतरी भलतीच ताणलेली होती. एकाच बाजूचा स्विंगआर्म असल्याने आतलं एक्सेन्ट्रिक फिरवून चेन जुळवायची असते हे मॅन्युअल वाचून समजलं. दोन पिंच बोल्ट सैल करून सी-स्पॅनरने फिरवलं. चाक फिरवत चेन सगळ्यात घट्ट कुठे येते ते शोधून तिथे ढील मोजली. इतकी ताणलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, सुदैवाने बेअरिंग अजून गप्प आहे. चाकाचा मोठा नट आवळून झाल्यावर सेफ्टी क्लिप बसवली आणि तिचा फोटो काढून ठेवला, रात्री झोपेत शंका येऊ नये म्हणून.

उद्यमनगरचा_पाव्हणा

ताई, शिम झाले. ०.०४ आणि ०.०३ काढलेत, चार जागी मोजले, दोन मायक्रॉनच्या आत समांतर हाईत. बरोबर अर्धा किलो कोल्हापुरी चटणी घातलीय, ती शिमबरोबर मोजू नका. पैसे नकोत. गाडी चालू झाली की आवाजाचा व्हिडिओ टाका.

घाटवाट

दिवाळीच्या पाडव्याला सांगलीकर दादा स्वतः घरी आले, चार क्लोजर आणि नव्या अर्ध्या रिंगांची पुडी घेऊन. बाबांनी त्यांना फराळाला बसवलं आणि दादा ताटावरून उठून दोनदा गाडीपाशी जाऊन आले.

भाऊबीजेला बसवलं सगळं. सोळाच्या सोळा फटी मर्यादेत. नवे बेल्ट, खुणा जुळवून, ताण फोनवर मोजून. मग प्लग काढलेले असताना मागच्या चाकावरून इंजिन हाताने फिरवलं, कॅमची दोन पूर्ण आवर्तनं, कुठेही अडतंय का ते बोटांनी ऐकत. खुणा परत जुळल्या. ताण परत मोजला. मग प्लग, एअरबॉक्स, टाकी, रेडिएटर, नवं कूलंट, नवं १५डब्ल्यू-५० ऑइल.

आईने किल्ली दिली.

दुसऱ्या झटक्यात सुरू झाली (इंधनाच्या लायनीत हवा होती). ऑइलचा दिवा विझला, चार्जिंग १४.२. काका आले होते, त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी कव्हर परत आणून दिलं, घडी घालून.

रविवारी पहाटे ताम्हिणीतून माणगावपर्यंत जाऊन आले, नव्या टायरवर सावकाश. परत आल्यावर रात्री ऑइलची काच बघितली, स्वच्छ. क्लचखाली कोरडं. मागच्या ब्रेकला आता टणक पेडल आहे. उजव्या फोर्कच्या सीलवर बारीक ओलावा दिसला, तो पुढच्या महिन्यात.

सोळाही मापं आणि बेल्टची तारीख एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली ठेवलीय. व्हिडिओ खाली आहे.

उद्यमनगरचा_पाव्हणा

चारदा ऐकला. एक्झॉस्टचा ठोका एकसारखा हाय. फोर्कचं सील काढताना नळीवर दगडाचा ओरखडा हाय का बघा, असला तर नुसतं सील टिकायचं न्हाई. नळी धाडून द्या, बघतो.